टाकीतले वीस तास: मायक्रोस्फिअरच्या एका चुकलेल्या निदानाचं प्रकरण

हे प्रकरण नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका छोट्या कंत्राटी प्रयोगशाळेतलं. मी तिथे फॉर्म्युलेशन विभाग बघत होते. कंपनी, ग्राहक आणि औषध ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील गाळलेत, आकडे थोडे इकडेतिकडे सरकवलेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र तसंच ठेवलंय, कारण सगळी गोष्ट त्या नात्याचीच आहे.

पार्श्वभूमी

रोज गोळी घ्यायला विसरणाऱ्या किंवा मुद्दाम टाळणाऱ्या रुग्णाला महिन्यातून एकदा सुई टोचून मोकळं करायचं, ही या धंद्यातली मूळ कल्पना. औषध पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या बारीक गोळ्यांत कोंडायचं. गोळी म्हणजे साधारण ६० मायक्रॉनची, साबुदाण्याच्या दाण्यापुढे धुळीसारखी. स्नायूत गेल्यावर पाणी हळूहळू आत शिरतं, पॉलिमरची साखळी तुटत जाते आणि शेवटी लॅक्टिक व ग्लायकोलिक ही दोन आम्लं उरतात. त्यांची विल्हेवाट शरीर स्वतःच लावतं. शस्त्रक्रियेतले आपोआप विरघळणारे टाके याच घराण्यातले. ल्युप्रॉन डेपो हे या पद्धतीचं महिन्याचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ साली मंजूर झालं. पुढे २००३ साली रिस्पेरडाल कॉन्स्टा आणि २००६ साली व्हिव्हिट्रॉल आलं. म्हणजे तंत्र नवं नाही. तरी जो कुणी पहिल्यांदा हे करायला घेतो त्याला ते नव्यानेच त्रास देतं.

आमच्या ग्राहकाला पाच आठवडे चालणारं इंजेक्शन हवं होतं. औषध जुनंच, पेटंट संपलेलं, रेणूत एक तृतीयक अमाईन, म्हणजे नायट्रोजनचा अल्कधर्मी गट, असलेलं. हे अमाईन लक्षात ठेवा. आम्ही पहिल्या बैठकीत त्याची नोंद घेतली आणि नंतर विसरलो.

पॉलिमर निवडला ७५:२५, म्हणजे लॅक्टाइड ७५ आणि ग्लायकोलाइड २५ टक्के. ५०:५० घेतला असता तर गोळी फार लवकर कोसळली असती. रेणुभार, म्हणजे ढोबळमानाने साखळीची लांबी, साधारण १,१०,०००. पद्धत सरळ: पॉलिमर आणि औषध दोन्ही एमडीसीत, म्हणजे डायक्लोरोमिथेनमध्ये, विरघळवायचं, ते द्रावण पीव्हीए (थेंब एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) घातलेल्या थंड पाण्यात ओतून घुसळायचं, थेंब तयार झाले की एमडीसी पाण्यात झिरपून उडून जातं आणि थेंबांच्या जागी कडक गोळ्या राहतात. मग धुवायच्या, चाळायच्या, वाळवायच्या.

प्रयोगशाळेत १५ ग्रॅमच्या आठ बॅच झाल्या आणि आठही जुळ्या बहिणींसारख्या निघाल्या. ३७ अंशाला पहिल्या दिवशी दोन-तीन टक्के औषध बाहेर, चौदाव्या दिवसापर्यंत जेमतेम नऊ-दहा, आणि मग पस्तिसाव्या दिवसापर्यंत नव्वदच्या वर. सुरुवातीचे दोन आठवडे गोळी जवळजवळ गप्प बसते, कारण साखळ्या आतून तुटत असल्या तरी अजून सांगाडा उभा असतो. रिस्पेरडाल कॉन्स्टातही तेच होतं, म्हणून पहिल्या इंजेक्शननंतर तीन आठवडे तोंडाने गोळी चालू ठेवावी लागते. आमच्या ग्राहकाने हे गृहीत धरूनच मात्रा ठरवली होती. म्हणजे ते पहिले दोन आठवडे आम्हाला मोडता येणार नव्हते.

अडचण

जूनमध्ये आम्ही एक किलोच्या इंजिनिअरिंग बॅचवर गेलो, म्हणजे प्लांटमधल्या सरावाच्या, रुग्णाला न द्यायच्या बॅचवर. पहिल्या बॅचचं चौदाव्या दिवसाचं उत्तर आलं २६ टक्के. दुसरीचं ४५.

या कामातला सगळ्यात जाचक भाग असा की बॅच आज केली तर ती कशी झाली ते दोन आठवड्यांनी कळतं, आणि पूर्ण कळायला पाच आठवडे लागतात. तोवर माणसं पुढची बॅच लावून मोकळी झालेली असतात. दर सोमवारी ग्राहकाचा फोन. दर सोमवारी आमच्याकडे एक ताजा अंदाज आणि एक शिळा आकडा.

दुसऱ्या बॅचची एक वेगळी हकीकत होती. त्या दिवशी दुपारपासून पाऊस कोसळत होता. रुळांवर पाणी आलं, ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली, दुसऱ्या पाळीची माणसं पोचलीच नाहीत. स्टराइल फिल्टरमधून द्रावण गाळणं चालू होतं ते अर्ध्यावर थांबलं. टाकी बंद, वर नायट्रोजनचा दाब, आत एमडीसी, जिवाणू वाढण्याचा प्रश्न नाही. मी ऐरोलीच्या पुलावर पाण्यात अडकलेल्या रिक्षेतून फोनवर सांगितलं, ‘राहू द्या रात्रभर, सकाळी बघू.’ सकाळी उरलेलं गाळलं आणि बॅच पूर्ण केली. डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्या पद्धतीपासून ढळल्याचा, फॉर्म भरला. ‘गुणवत्तेवर परिणाम: नाही.’ सही माझी.

ती सही करताना माझ्याकडे आधार नव्हता असं नाही. क्यूएने (गुणवत्ता विभागाने) काहीतरी पुरावा मागितला म्हणून आम्ही दोन्ही बॅचची जलद चाचणी लावली होती, ४५ अंशाला. पाच दिवसांत उत्तर आलं: दोघींच्या रेषा एकमेकींवर. त्यावर फॉर्म बंद झाला. ३७ अंशाचा ४५ टक्क्यांचा आकडा आला तो त्यानंतर आठवड्याने.

पहिला निर्णय: घुसळणीवर संशय

स्केल वाढवल्यावर डोळ्यांत भरतो तो घुसळणारा यंत्रभाग. १५ ग्रॅमसाठी टेबलावर मावणारा होमोजनायझर, किलोसाठी माणसाच्या उंचीचा. साहजिकच सगळ्यांनी तिकडे बोट दाखवलं. रोटरच्या टोकाचा वेग आम्ही जुळवला होता: छोटा २५ मिलिमीटरचा, ३००० फेऱ्यांवर, मोठा ६० मिलिमीटरचा, १२५० फेऱ्यांवर. दोन्हीकडे सेकंदाला सुमारे ३.९ मीटर. गोळ्यांचा मध्यम आकार लॅबमध्ये ६२ मायक्रॉन होता, प्लांटमध्ये ५८. बारीक गोळी लवकर सोडते हे पुस्तकात आहे. म्हणून सरांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, ठरवलं, फेऱ्या कमी करा, गोळी जाड करा.

ट्रेनी मुलीने त्या बैठकीत एक वाक्य बोलून टाकलं होतं: ‘मॅम, गोळी बारीक किंवा सच्छिद्र झाली असती तर पहिल्या दिवशीच जास्त औषध यायला नको का?’ पहिल्या दिवसाचा आकडा दोन्ही बॅचमध्ये तीन टक्केच होता. पृष्ठभागाजवळचं औषध आणि भोकांतून निसटणारं औषध पहिल्याच दिवशी बाहेर पडतं. पहिला दिवस शांत आणि दुसरा आठवडा धावता, याचा अर्थ सांगाडा लवकर ढासळतोय, म्हणजे पॉलिमरकडे बघायला हवं. तिचं बरोबर होतं. ‘नोंद घेते’ म्हणून मी पुढच्या मुद्द्यावर गेले, कारण त्या मुद्द्यावर तातडी होती आणि यंत्राची फिरकी कमी करायला एक बटण पुरत होतं.

जुलैच्या शेवटी तिसरी बॅच झाली, कमी फेऱ्यांवर, ७५ मायक्रॉनची. चौदाव्या दिवशी १७ टक्के. ग्राहक खूश, सर खूश, कँटीनमध्ये समोसे आले. दोन आठवड्यांनी तशीच चौथी बॅच, त्याच फेऱ्यांवर, आकार ७४. चौदाव्या दिवशी ३० टक्के.

त्या संध्याकाळी रबाळे स्टेशनवर मी दोन गाड्या सोडल्या. यंत्र तेच, फेऱ्या त्याच, आकार तोच, आणि आकडा जवळजवळ दुप्पट. तिसरी बॅच सुधारली ती आमच्या उपायाने नव्हतीच. मग कशाने?

काकांचं वाक्य

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला मी पहिल्यांदा ऑपरेटर काकांना बोलावलं. टीटीसीत, म्हणजे याच औद्योगिक पट्ट्यात, पंचवीस वर्षं रिअॅक्टर चालवलेला माणूस. सगळे आलेख दाखवून झाले. काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘मॅडम, एक विचारू? तिसऱ्या वेळी फिल्टर नवा होता. भराभर गळालं. चौथ्याला चोंदला, बदलावा लागला, संध्याकाळ झाली. अन् ती पावसातली तर रात्रभर टाकीतच झोपली होती. तुमच्या पेपरात हे कुठं दिसत नाय.’

दिसत नव्हतंच. बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या नोंदवहीत, प्रत्येक पायरीची सुरुवात आणि शेवट लिहिलेला असतो: विरघळवणे, गाळणे, घुसळणे. औषध आणि पॉलिमर एकत्र आल्यापासून थेंब होईपर्यंत एकूण किती वेळ गेला, याला रकानाच नव्हता. तो आम्ही नायट्रोजनच्या दाबाच्या लॉगबुकवरून काढला, कारण युटिलिटीवाले दर तासाला आकडा लिहितात. पहिली बॅच सात तास. दुसरी वीस. तिसरी चार. चौथी नऊ. आता चौदाव्या दिवसाचे आकडे समोर ठेवा: २६, ४५, १७, ३०. फळ्यावर दोन ओळी एकाखाली एक लिहिल्यावर खोलीत कुणी काही बोललं नाही.

आणि लॅबमध्ये? तिथे गाळण्याची पायरीच नव्हती. निर्जंतुक करायची गरज नाही म्हणून आम्ही औषध टाकून, विरघळताच, अर्ध्या-पाऊण तासात घुसळायला घेत होतो. गॅमा किरणांनी तयार गोळ्या निर्जंतुक केल्या तर पीएलजीएच्या साखळ्या तुटतात, म्हणून प्लांटमध्ये द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून सगळं काम निर्जंतुक पद्धतीने करायचं ठरलं होतं. पॉलिमरचं द्रावण काकवीसारखं दाट. ते थेंबथेंब उतरतं. आम्ही पॉलिमरला किरणांपासून वाचवायला फिल्टर आणला आणि त्या फिल्टरसमोर रांगेत उभं करून त्याच्या साखळ्या औषधाकडूनच तोडून घेतल्या.

संशयाची खात्री

अमाईन असलेलं औषध पीएलजीएच्या साखळीच्या कड्या जोडणाऱ्या एस्टर बंधांवर हल्ला करतं, तेही द्रावणातच, गोळी होण्याआधी. हे काही गुपित नाही. रिस्पेरिडोनच्या (रिस्पेरडाल कॉन्स्टातल्या औषधाच्या) बाबतीत तर हाच क्षय मुद्दाम वापरून हव्या त्या रेणुभारावर पोचण्याची पद्धत पेटंटमध्ये आहे. मी ते पेटंट वाचलं होतं. दुसऱ्या कामासाठी वाचलं होतं, एवढंच.

रेणुभार मोजायला लागणारं जीपीसी यंत्र आमच्याकडे नव्हतं. बाहेर पाठवलं की दहा दिवस. त्यातही आजवर आम्ही दर वेळी फक्त आलेल्या पॉलिमरचा नमुना पाठवत होतो, तयार गोळीचा नाही. कच्चा माल चांगला आहे हे आम्ही चार वेळा सिद्ध करून घेतलं होतं.

या वेळी ट्रेनीने कपाटातून उब्बेलोडे व्हिस्कोमीटर काढला, एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला असतो तोच काचेचा. औषध आणि पॉलिमरचं द्रावण प्लांटच्याच प्रमाणात केलं, झाकून २७ अंशाला ठेवलं. ठरावीक तासांनी थोडं काढून थंड मिथेनॉलमध्ये ओतलं. पॉलिमर दोऱ्यासारखा खाली बसतो, औषध मिथेनॉलमध्ये निघून जातं. पॉलिमर निर्वातात वाळवून क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला आणि नळीतून उतरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. त्यावरून व्हिस्कॉसिटी काढली; साखळी जितकी लहान तितका हा आकडा कमी. सुरुवातीला ०.७२ डेसिलिटर प्रतिग्रॅम. दोन तासांनी ०.६९. सहा तासांनी ०.६३. चोवीस तासांनी ०.४८. शेजारी औषध न घातलेलं द्रावण ठेवलं होतं. चोवीस तासांनीही ०.७२.

तीन दिवसांचं काम आणि बाटलीभर मिथेनॉल. जूनपासून आम्ही किलोकिलोच्या चार बॅच उडवल्या होत्या. एमडीसी मिसळलेलं पाणी गटारात सोडता येत नाही. तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे गेलेल्या ड्रमांचं बिलच या प्रयोगाच्या कैक पट निघालं असतं.

पुढे जीपीसीचे आकडे आले तेव्हा पावसातल्या बॅचमधल्या पॉलिमरचा रेणुभार ७० हजारांच्या आत होता. लॅबमधल्या गोळ्यांचा लाखाच्या वर.

जलद चाचणी का फसवली तेही इथेच उलगडलं. पीएलजीए कोरडा असताना ४५ ते ५५ अंशांच्या आसपास काचेसारखा कडकपणा सोडून रबरी होतो. पाण्यात भिजला की तो अंश आणखी खाली येतो. ४५ अंशाला आमच्या सगळ्या गोळ्या पहिल्या दिवसापासूनच मऊ पडल्या होत्या. औषध मऊ पॉलिमरमधून झिरपून बाहेर येत होतं, सांगाडा ढासळण्याची वाटच बघत नव्हतं. लहान साखळी काय, मोठी काय, दोघींची रेषा सारखीच येणार. आम्ही वेगळीच गोष्ट पटकन मोजली आणि तिला आपल्या प्रश्नाचं उत्तर समजलो.

पर्याय

ग्राहकाच्या बाजूने पहिली सूचना आली ती मर्यादा सैल करण्याची: चौदाव्या दिवशी ३५ टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहा, मात्रा पुन्हा बघू. यावर फार वेळ घालवला नाही. बॅच कशी होईल हे फिल्टरच्या मर्जीवर असेल तर मर्यादा कितीही रुंद केली तरी एखादा पावसाळा ती ओलांडणारच.

द्रावण थंड ठेवणं हा सगळ्यांना आवडलेला पर्याय. टाकीला चिलरचं पाणी फिरवलं की क्षय मंदावतो, ५ अंशाला ट्रेनीने तपासलंही. पण थंड द्रावण आणखी दाट होतं आणि फिल्टरमधून आणखी रेंगाळतं. तासाला कमी तुटायचं आणि तास वाढायचे. जमाखर्च केल्यावर हातात फारसं काही उरत नव्हतं.

मग पेटंटचा रस्ता: क्षय होणार हे मान्य करायचं, जास्त रेणुभाराचा पॉलिमर घ्यायचा आणि थांबण्याचा वेळ पक्का बांधायचा, समजा दहा तास. फिल्टर लवकर संपला तरी दहा तास होईपर्यंत थांबायचं. नवं यंत्र नको, नवी जोडणी नको. सर याच बाजूचे होते आणि त्यांचा मुद्दा मला आजही हलका वाटत नाही: निर्जंतुक कामात प्रत्येक नवी जोडणी म्हणजे जंतू शिरायचं नवं दार. विरोधात दोन गोष्टी होत्या. जास्त रेणुभाराचा पॉलिमर आयात करायला तीन महिने, आणि तो अधिक दाट, म्हणजे गाळणं अजून लांबणार. शिवाय क्षयाचा वेग तापमानावर आणि एमडीसीतल्या पाण्याच्या अंशावर हलतो. वेळ बांधला तरी या दोन्हींवर पहारा ठेवावा लागला असता.

शेवटचा पर्याय काकांच्या वाक्यातूनच आल्यासारखा होता. दोघांना वेगळं ठेवायचं. पॉलिमरचं द्रावण एका टाकीत, औषधाचं दुसऱ्या. पॉलिमर हवा तितका वेळ गळू दे, त्याच्याशेजारी त्याला खाणारं कुणी नाही. औषधाचं द्रावण पातळ, पाच मिनिटांत गळतं. घुसळायच्या आधी दोन्ही एकत्र करायची. त्यासाठी आणखी एक छोटी टाकी, आणखी एक फिल्टर, प्रत्येक फिल्टर कुठे फाटलेला नाही ना याची अखंडता चाचणी वेगळी, आणि बीएमआर नव्याने.

मधेच एकाने एमडीसीऐवजी इथाइल अॅसिटेटचं नाव काढलं. उरलेल्या अंशाची परवानगी त्याला ५००० पीपीएम, एमडीसीला फक्त ६००, पर्यावरणालाही बरं. पण ते पाण्यात बरंच जास्त विरघळतं, थेंबावर साय फार लवकर धरते, म्हणजे गोळीची सगळी घडण पहिल्यापासून. ऑगस्टमध्ये हा विषय काढणाऱ्याकडे सगळ्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्याने तो तिथेच संपला.

केलेली कृती

दोन टाक्या ठरल्या. सरांनी मान्यता देताना एक अट घातली ती फार उपयोगी पडली: एकत्र केल्यापासून ४५ मिनिटांत पूर्ण द्रावण पाण्यात गेलं पाहिजे, नाहीतर बॅच नाकारायची. ४५ मिनिटं का, तर लॅबमधल्या आठ बॅचमधला सगळ्यात लांब वेळ तेवढाच होता. पाइपातच दोन प्रवाह मिसळावेत असाही विचार झाला. पण एक काकवी आणि एक पाणी, त्यांचं प्रमाण पंपावर धरून ठेवणं आमच्या साधनांत बसत नव्हतं. म्हणून टाकीतच मिसळलं.

पहिल्या चाचणीत गंमत झाली. औषधाचं द्रावण गाळून झाल्यावर फिल्टरच्या तोंडाशी पांढरे स्फटिक जमले. एमडीसी ४० अंशाच्या जरा आतच उकळतं. वातानुकूलित खोलीतही ते उघड्या जोडावरून भराभर उडतं आणि औषध मागे राहतं. द्रावण थोडं पातळ केलं, शेवटी स्वच्छ एमडीसीने फिल्टर धुऊन तेही टाकीत घेतलं आणि पॉलिमरच्या बाजूचं एमडीसी तेवढंच कमी केलं.

बीएमआरमध्ये एक नवी ओळ आली: ‘औषध व पॉलिमर एकत्र आल्याची वेळ’. आणि तयार गोळीतल्या पॉलिमरची व्हिस्कॉसिटी प्रत्येक बॅचला, त्याच काचेच्या नळीत.

घुसळणीच्या फेऱ्या पुन्हा १२५० केल्या. ७५ मायक्रॉनच्या गोळ्या २१ गेजच्या सुईतून अडखळत जात होत्या, हे त्या समोशांच्या दिवशी कुणाला आठवलं नव्हतं.

निष्पत्ती

ऑक्टोबरमध्ये दोन बॅच. एकीचं गाळणं पाच तास चाललं, दुसरीचं अकरा. चौदाव्या दिवशी ११ आणि १२ टक्के. पस्तिसाव्या दिवशी दोन्ही नव्वदच्या वर.

किंमतही मोजावी लागली. उतारा, म्हणजे शेवटी हाती येणारा माल, सुमारे सहा टक्क्यांनी घटला, कारण आता दोन फिल्टर आणि दोन टाक्यांच्या भिंतींना माल चिकटून राहतो. दुसऱ्या बॅचमध्ये पहिल्या दिवसाचा आकडा तीनवरून पाचवर गेला. त्या दिवशी चिलर दमला होता आणि पाणी ठरल्यापेक्षा चार अंश गरम होतं. ते मर्यादेत बसलं म्हणून पुढे गेलं. प्राण्यांवरच्या चाचण्या तीन महिने उशिरा सुरू झाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

डेव्हिएशनच्या फॉर्मवरची सही मला सगळ्यात जास्त टोचते. मी ‘परिणाम नाही’ लिहिलं तेव्हा मनात एकच प्रश्न होता, जंतू वाढतील का. बंद टाकीत माल एकमेकांशी काय करतोय हा रसायनशास्त्राचा पहिला प्रश्न, तो मी विचारलाच नाही. आणि मी रसायनशास्त्राची आहे. त्याच दिवशी त्या द्रावणाचा चमचाभर नमुना मिथेनॉलमध्ये ओतला असता तर जूनमध्येच सगळं संपलं असतं.

ट्रेनीच्या वाक्याला मी ‘नोंद घेते’ म्हटलं. नंतर वही उघडून पाहिली. नोंद घेतलेली नव्हती.

तिसऱ्या बॅचवर आम्ही फार लवकर विश्वास ठेवला. एक गोष्ट बदलली आणि आकडा सुधारला, एवढ्यावर. त्याच वेळी फिल्टरही नवा होता, पण ते आमच्या लेखी बदलामध्ये मोजलंच जात नव्हतं. निदान तीच बॅच जुन्या फेऱ्यांवर एकदा पुन्हा करायला हवी होती. खर्च दिसत होता म्हणून केली नाही.

जलद चाचणी मी आजही लावते, पण ४५ अंशाला एका मुद्दाम बिघडवलेल्या बॅचसोबत. चाचणीला चांगली आणि वाईट बॅच वेगळी ओळखता येते का, ते आधी बघायचं. येत नसेल तर तिच्या उत्तराला फाइलमध्ये जागा नाही.

दोन टाक्यांचा निर्णय बरोबरच होता का, यावर सरांचं आणि माझं अजून पटत नाही. त्यांच्या मते कारखाना मोठा झाला, बॅच दहा किलोची झाली, की प्रत्येक जादा फिल्टर महाग पडेल आणि आपण पुन्हा पेटंटच्या रस्त्याला येऊ. शक्य आहे. त्या वेळी आमच्यापाशी तीन महिने नव्हते आणि टाकी होती.

पुढचा पावसाळा

पुढच्या जुलैत पुन्हा एकदा लोकल बंद पडल्या. संध्याकाळचे सहा, पॉलिमरचं द्रावण अर्धं गळालेलं, दुसऱ्या पाळीचा पत्ता नाही. काकांचा फोन आला, ‘मॅडम, पावडर अजून पिशवीतच हाय. राहू देऊ का रातभर?’ इंजिनिअरिंग बॅच होती, म्हणून राहू देता आलं. सकाळी उभा राहिलेला फिल्टर पूर्ण चोंदला होता, तो बदलावा लागला आणि त्यात बराच माल गेला. चौदाव्या दिवसाचा आकडा आला १२ टक्के. उताऱ्याबद्दल मात्र सरांनी अजून मला विचारणं सोडलेलं नाही.